पातळ, हलका लॅपटॉप रोज बॅगेत घेऊन फिरायचाय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी अकाउंट्स आणि जीएसटीचं काम करते. राहायला डोंबिवलीला, आणि आठवड्यातले पाच दिवस तरी लॅपटॉप पाठीवर असतो, आज मस्जिद बंदर तर उद्या भिवंडी, जिथे पार्टीचं, म्हणजे क्लायंटचं, ऑफिस तिथे. दोन वर्षांपूर्वी जुना जड लॅपटॉप सोडून हलका घेतला आणि तेव्हापासून ओळखीतले, आर्टिकलशिप (सीएचं प्रशिक्षण) करणाऱ्या मुली, लेडीज डब्यातल्या मैत्रिणी सगळ्याजणी तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगून टाकते. हलका लॅपटॉप चांगला की नाही हे मी तो किती मिलीमीटर जाड आहे त्यावरून ठरवत नाही, सकाळी निघताना चार्जर घरी ठेवून बिनधास्त निघता येतं का, त्यावरून ठरवते.

हलका म्हणजे नक्की किती किलोचा?

१४ इंची असेल तर १.४ किलोच्या आत. १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचं आहे, विंडोजमध्ये १.२ ते १.४ मध्ये बरेच मिळतात आणि १ किलोच्या खालचेही असतात पण त्यांची किंमत चढत जाते. १.६-१.७ किलोवाल्यावर पण हल्ली 'थिन अँड लाइट' लिहिलेलं असतं, तो वाईट नसतो, फक्त रोज तासभर उभं राहून प्रवास करणाऱ्याने तो घेऊ नये.

पण नुसत्या लॅपटॉपचं वजन बघू नका, अख्ख्या बॅगेचं बघा. मी एकदा आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून वजन केलं होतं. जुना लॅपटॉप २.२ किलो, त्याचा विटेएवढा चार्जर वायरसकट ४५० ग्रॅम, भरलेला डबा ८५०, पाण्याची बाटली १ किलो १००, फाइल ७००, छत्री ३५०, आणि रिकामी बॅगच ७५० ग्रॅम. झाले ६ किलो ४००. रात्री खांद्याला का ठणका लागायचा ते तेव्हा कळलं. आता लॅपटॉप १.३ चा आहे आणि चार्जर घरी राहतो, बाकी सगळं तेच, तर बॅग ५ किलोच्या आसपास येते. १ किलो ३५० ग्रॅम कमी झाले त्यातले जवळजवळ अर्धा किलो एकट्या चार्जरचे आहेत हे लक्षात घ्या.

दिवसभर बॅटरी खरंच पुरते का? कंपनी तर १८-२० तास लिहिते

कंपनीचा आकडा बहुतेक वेळा व्हिडिओ चालवून काढलेला असतो, ब्राइटनेस ठराविक, बाकी काही उघडलेलं नाही. आपलं काम तसं नसतं. त्यामुळे तासांचा आकडा सोडा आणि बॅटरी किती वॉट-अवरची आहे, म्हणजे तिच्यात किती वीज मावते, ते बघा, ते स्पेसिफिकेशनमध्ये खाली कुठेतरी लिहिलेलं असतं. मग सरळ भागाकार. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल, ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब आणि मोबाइलचं हॉटस्पॉट एवढं चालू असताना माझा लॅपटॉप साधारण ७ वॉट खातो. म्हणजे ४२ वॉट-अवरची बॅटरी असेल तर सहा तास, ५६ ची असेल तर आठ, ७० ची असेल तर दहा.

आता यात दोन गोष्टी धरा. व्हिडिओ कॉल लावला की खर्च खूप वाढतो, कारण कॅमेरा, माइक, नेट सगळं एकदम चालतं. आणि बॅटरी म्हातारी होते. माझी घेतली तेव्हा ७० ची होती, दोन वर्षांनी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट ६० दाखवतो. म्हणून पहिल्या दिवशी जेमतेम पुरणारी बॅटरी घेऊ नका, दोन वर्षांनीसुद्धा पुरेल अशी घ्या. स्वस्तातले पातळ लॅपटॉप बरेचदा इथेच मार खातात, वजन कमी दाखवायला बॅटरीच छोटी टाकलेली असते, मग तुम्ही २०० ग्रॅम वाचवता आणि रोज चार्जर वागवता.

चार्जर न्यावाच लागला तर?

टाइप-सीवर चार्ज होणाराच लॅपटॉप घ्या, याबाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. गोल पिनचा चार्जर पार्टीच्या ऑफिसात विसरला तर त्या दिवसापुरतं काम संपलं, टाइप-सी असेल तर समोरच्याचा मागता येतो. ६५ वॉटचा गॅनवाला (नव्या प्रकारचा, छोटा) चार्जर सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो, मुठीत मावतो आणि फोनही त्यावरच चार्ज होतो. फक्त दुकानात विचारून घ्या की टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग होतं ना, कारण काही स्वस्त मॉडेलमध्ये ते पोर्ट नुसतं डेटासाठी असतं, दिसायला अगदी सेम.

पॉवर बँकवर लॅपटॉप चालेल का?

चालतो, पण ती पीडी (टाइप-सीवरून जास्त वॉट देणारी) असली पाहिजे आणि निदान ४५ वॉट आउटपुट देणारी. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर, त्यातले थोडे वाटेत वाया जातात. वजन मात्र पाव किलोच्या वरच. मग छोटा चार्जरच नेलेला बरा. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, जवळ ठेवावी लागते, आणि १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

पातळ म्हणजे नाजूक ना? लोकलच्या गर्दीत टिकेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि याचं उत्तर मी स्वतः पैसे मोजून शिकलेय. लॅपटॉप नवीन होता, सात-आठ महिने झाले असतील. त्या दिवशी चार्जर सोबत होता आणि तो मी लॅपटॉपच्याच कप्प्यात, झाकणाच्या बाजूला, खाली सरकवला. संध्याकाळी गाडीला तुफान गर्दी, बॅग पोटाशी धरलेली, मागून रेटा आला आणि मी दरवाजाजवळच्या पार्टिशनवर दाबली गेले. काही आवाजबिवाज आला नाही. घरी येऊन उघडला तर स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात खालच्या बाजूला चिंचोक्याएवढा काळा डाग, आणि त्यातून वर गेलेल्या दोन उभ्या रेघा, एक हिरवी एक पांढरी. प्लगची पिन बरोबर तिथे टेकली होती. वॉरंटीत बसलं नाही, कारण दाबाने फुटलेली स्क्रीन नेहमीच्या वॉरंटीत बसतच नाही. नवीन पॅनलला साडेचौदा हजार गेले.

तर, पातळ लॅपटॉपची बॉडी बहुतेक वेळा चांगलीच मजबूत असते, अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असतं. कमजोर असतं ते झाकण. झाकण पातळ करायला काचेच्या मागे जागाच ठेवलेली नसते, त्यामुळे एका बिंदूवर आलेला दाब थेट पॅनलवर जातो. म्हणून लॅपटॉपच्या कप्प्यात दुसरं काहीही नको, चार्जर नको, पेन नको, किल्ल्या नकोत. झाकणाची बाजू पाठीकडे किंवा पोटाकडे ठेवा, बाहेरच्या बाजूला नको. गाडीत वरच्या रॅकवर बॅग ठेवलीत तर ती आडवी नको, उभी ठेवा, कारण आडव्या बॅगेवर कोणीतरी आपली बॅग ठेवणारच, त्यांना काय माहीत आत काय आहे.

आणि ॲक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन घ्या. मी तेव्हा घेतला नव्हता. तो बहुतेक वेळा खरेदीनंतर ठराविक दिवसांतच घेता येतो, मग नाही.

पावसाळ्यात काय करता?

बॅग कितीही वॉटरप्रूफ म्हणून विकलेली असो, चेनमधून पाणी जातंच. मी लॅपटॉप स्लीव्हमध्ये आणि स्लीव्ह एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते, जून ते सप्टेंबर. भिजलेली छत्री त्याच बॅगेत नको. बस एवढंच.

बॅगेतून काढला तेव्हा तापलेला होता आणि बॅटरी १२ टक्के, असं का?

कारण तो झोपलेला नव्हता. नवीन लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्वीसारखे गाढ झोपत नाहीत, मोबाइलसारखे अर्धवट जागे राहतात, मेल बघतात, अपडेट उतरवतात, आणि बॅगेत हवा नसते म्हणून तापतात. विंडोजमध्ये पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' (काम जपून पूर्ण बंद होणं) करा असं ठेवा. उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, चालेल. हे केल्यापासून मला सकाळची बॅटरी आणि मस्जिदला उतरल्यावरची बॅटरी सारखीच दिसते.

बाकी गरम होण्याचं म्हणाल तर पातळ लॅपटॉप जास्त वेळ जोर लावला की तापणारच, उष्णता जायला जागा कमी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी यू असेल तर तो कमी वीज खाणारा, एच असेल तर जोरकस पण भुकेला. एक्सेल-टॅलीला एच घेऊन काहीच मिळत नाही, पंखा तेवढा ओरडतो. मॅकबुक एअरला तर पंखाच नाही, ते तापलं की स्वतःचा वेग कमी करतं, रोजच्या कामात जाणवत नाही, तासभर व्हिडिओ एक्स्पोर्ट करणाऱ्याला जाणवेल.

८ जीबी रॅम पुरेल? नंतर वाढवता येईलच ना

नाही येणार, आणि हे लोकांना घेतल्यावर कळतं याचं मला फार वाईट वाटतं. पातळ लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, स्लॉटच नसतो. २०२४ च्या इंटेल कोअर अल्ट्रा २०० व्ही सिरीजमध्ये तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली आहे, १६ किंवा ३२, जे घ्याल ते कायमचं. म्हणून पाच वर्षं वापरायचा असेल तर १६ च घ्या. पैसे कमी पडत असतील तर एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) ५१२ जीबीवर थांबा, ती बऱ्याच मॉडेलमध्ये नंतर बदलता येते. प्रोसेसरही एक पायरी खालचा चालेल, रॅम मात्र कमी नको.

ताई, नंबर पॅडशिवाय एन्ट्र्या कशा करता?

हा प्रश्न फक्त आमच्या लाइनमधलेच विचारतात पण त्यांच्यासाठी तो सगळ्यात मोठा आहे. १३-१४ इंचीमध्ये नंबर पॅड नसतो. १५-१६ इंचीमध्ये मिळतो पण मग वजन वाढलं. मी वेगळा ब्लूटूथ नंबर पॅड घेतलाय, शंभरेक ग्रॅमचा, आणि तो डाव्या हाताला ठेवते म्हणजे उजवा हात व्हाउचर उलटायला मोकळा राहतो. पहिले आठ दिवस बोटं चुकत होती, आता लॅपटॉपवरच्या पॅडपेक्षा हाच बरा वाटतो. दिवसभर फक्त एन्ट्रीच मारत असाल, शंभर-दोनशे व्हाउचर रोजची, तर मात्र १५ इंचीच घ्या, हलक्याच्या मागे लागू नका.

कीबोर्ड पातळ असला की बटणं कमी दाबली जातात. ते दुकानात उभं राहून कळत नाही, खुर्ची मागा, बसा, आणि एक अख्खा परिच्छेद टाइप करा, मराठीत टाइप करत असाल तर मराठीतच, इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) लावून. शिफ्ट आपल्याला जास्त लागते त्यामुळे दोन्ही बाजूची शिफ्ट पुरेशी रुंद आहे ना ते बघा, काही मॉडेलमध्ये उजवी अगदी अर्धी केलेली असते.

स्क्रीनमध्ये काय बघायचं?

उभी जागा. १६:१० (रुंदी:उंची) ची स्क्रीन १६:९ पेक्षा उंच असते, १९२० बाय १२०० म्हणजे १०८० पेक्षा १२० पिक्सेल जास्त, एक्सेलमध्ये चार ते सहा ओळी जास्त दिसतात. दिवसभर खालीवर करणाऱ्याला त्या चार ओळींची किंमत विचारा.

मग उजेड. २५० निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन घरात ठीक, खिडकीशेजारी बसलात की स्वतःचाच चेहरा दिसतो. ३०० हे कमीत कमी, ४०० असेल तर उत्तम, आणि काच चकचकीत नको, मॅट हवी. रंगांसाठी '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असेल तर समजा रंग फिके दिसणार, अकाउंट्सला फरक पडत नाही, फोटो-डिझाइनवाल्यांना पडतो. ओएलईडी प्रकारची स्क्रीन दिसायला सुंदर पण तिचा विजेचा खर्च पडद्यावर किती पांढरं आहे त्यावर ठरतो, आणि आमचं काम म्हणजे दिवसभर पांढरी शीट. मी साधी आयपीएस प्रकारची घेतली.

पोर्ट किती हवेत?

निदान एक जुनं यूएसबी-ए हवं. का सांगते. कंपन्यांचं रिटर्न फाइल करताना डिजिटल सिग्नेचरचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) लागतं आणि ते यूएसबी-ए चंच असतं बहुतेक. एकदा एका पार्टीकडे शेवटच्या तारखेला आमच्यातल्या एकीकडे नुसते दोन टाइप-सी असलेला लॅपटॉप होता आणि कन्व्हर्टर घरी, संध्याकाळचे सात वाजलेले, टोकन हातात घेऊन ती शेजारच्या गाळ्यांमध्ये कन्व्हर्टर विचारत फिरली. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने पाकिटातून पहिलं मॅकबुक एअर काढून दाखवलं तेव्हा त्यालाही एकच यूएसबी होतं, म्हणजे पातळ करायचं तर आधी पोर्ट काढायचे ही पद्धत तेव्हापासूनची. कन्व्हर्टर घ्यावाच लागला तर तो बॅगेत नका ठेवू, टोकनलाच कायमचा लावून ठेवा.

मॅकबुक एअर घेऊ का? आणि ते नवीन एआरएमवाले विंडोज लॅपटॉप?

बॅटरी आणि वजन दोन्हीकडे बघितलं तर मॅकबुक एअर खरंच छान आहे, लिहिणारे, शिकवणारे, प्रेझेंटेशन करणारे यांना मी तेच सांगते. टॅली विंडोजसाठीच आहे, त्यामुळे आम्हाला ते नाही. एआरएमवाले, म्हणजे मोबाइलसारख्या जातीचा प्रोसेसर असलेले, २०२४ पासून आलेले स्नॅपड्रॅगन एक्सवाले, बॅटरीला चांगले आहेत, नेहमीची सॉफ्टवेअर त्यावर चालतात पण ड्रायव्हरची (जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) अडचण येते. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेला ड्रायव्हर त्यावर चालत नाही, एआरएमसाठी वेगळा असावा लागतो. तुमचं टोकन, जुना प्रिंटर, बारकोड स्कॅनर यांच्या कंपनीने तो दिलाय का ते आधी विचारा, आणि शक्य असेल तर टोकन घेऊन दुकानातच लावून बघा.

बिल कोणाच्या नावावर घेऊ?

जीएसटी नंबर असेल तर बिलावर तो टाकून घ्या, लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि धंद्यासाठी घेतला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा आहे, त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा. जीएसटीचं क्रेडिट घेतलंत तर तेवढ्या रकमेवर घसारा घेता येत नाही, दोन्ही एकदम नाही. प्रिझम्प्टिव्हमध्ये (उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर नफा धरून) रिटर्न भरणाऱ्यांना घसारा वेगळा मिळत नाही. नोकरदारांना यातलं काहीच लागू नाही, त्यांनी सेलची वाट बघावी.

लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) सेकंडहँड घेतला तर?

घेऊ शकता, ऑफिसांमधून निघालेले बिझनेस सिरीजचे हलके लॅपटॉप तिथे चांगले मिळतात, त्यांची बांधणी नवीन स्वस्त लॅपटॉपपेक्षा बरी असते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्यामुळे विंडोज ११ चालणाराच घ्या, इंटेल असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचा. आणि दुकानदारासमोर बॅटरी रिपोर्ट काढा, त्यात डिझाइन कॅपॅसिटी आणि फुल चार्ज कॅपॅसिटी असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. बॅटरी फुगलेली असेल तर टचपॅड वर आलेलं दिसतं किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो, असा फुकट दिला तरी नको.

घेतल्यावर लगेच काय करू?

परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बघा आणि त्या दिवसांत तो कपाटात ठेवू नका, अगदी नेहमीच्या दिवसासारखा वापरा. बॅगेत घालून न्या, चार्जर घरी ठेवा, किती वाजता २० टक्क्यांवर येतो ते लिहा. पडदा पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून एखादा मेलेला ठिपका आहे का बघा. एका बोटाने झाकण उघडून बघा, बिजागरी सैल वाटली तर लगेच तक्रार करा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, घरी प्लग लावूनच काम करता त्या दिवशी ती चालू ठेवा, बाहेर जायच्या आदल्या रात्री बंद करा. आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं.